तीन बोटांची भाकरी

ऑर्लीन,

ज्या वर्षी तू लुशियसशी लग्न केलंस, त्या वर्षापासून बाबा तुझ्या हातचं खात नव्हते. त्यांच्या आजारपणात तू घरी राहायला आलीस, तरी हट्ट सुटला नाही. म्हणून काल इस्पितळात रात्रपाळीला जाताना तू थापून ठेवलेल्या मक्याच्या भाकऱ्या मी चरबीत तळल्या आणि मीच केल्यात म्हणून त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी भाकरी उलटीपालटी करून पाहिली. थापताना मी भाकरीवर चार बोटं उठवते, तू तीन. म्हणाले, "म्हातारे, मला फसवतेस होय? ही बोटं ऑर्लीनची! विहीणबाईंसारखी साखर तर नाही ना घातली तिने?"

मी म्हटलं, "खाऊन बघा की."

मग काकवी मागून घेतली आणि दोन खाल्ल्या. वर म्हणतात, "पोरीला सांग, कडा अजून कुरकुरीत हव्यात." इतक्या वर्षांनी तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मी पास्टरना आणायला चाललेय. घड्याळ आपल्या रीतीप्रमाणे मुद्दाम बंद केलंय, चालू करू नकोस. माणसं जमतील, भाकऱ्या लागतील. पिठात पाणी खळखळ उकळतं घाल, नाहीतर तव्यात फुटतील. बोटं तीनच उठव. काल उरलेली एक झाकून ठेवलीय, ती आधी तू खा.

ते उपाशी गेले नाहीत आणि तुझ्यावर रागावूनही गेले नाहीत. तुझे बाबा, एझ्रा, आज गुरुवारी दिवस उगवताना वारले.

आई