रुबीच्या डोळ्यांवरची साय

करंजाडे,
ता. १२ जून

तीर्थस्वरूप देवजीदादा आणि भागीरथीवहिनी यांना धाकट्या वामनचा साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. तुमचं पत्र होळीच्या आधी आलं आणि आता आंबे संपत आले. तुमचा गुडघा कसा आहे? कानाचं मशीन लावता, की अजून कपाटात जपून ठेवलंय? फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी सांगितलं, पुतळा लेकीकडे, नमिताकडे कामोठ्याला गेली, तर तुम्ही त्यातलं ‘पुतळा गेली’ एवढंच ऐकून रडायला लागलात आणि गावभर सांगून आलात. (तीन माणसं दहाव्याची तारीख विचारायला इथे येऊन गेली. पुतळाला अजून सांगितलेलं नाही.) म्हणून लिहितोय.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. घरात आम्ही तिघं असतो. मी आणि दोन साप.

साप आमच्या चिरंजीवांचे, दिपेशचे. कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी दुबईला पाठवलं आणि त्याने हे दोघे माझ्याकडे पाठवले. कॉर्न स्नेक म्हणतात, म्हणजे मक्याचे साप. मका खात नाहीत. (घालून बघितला.) नारिंगी रंग, अंगावर लाल ठिपके, लांबीला माझ्या काठीपेक्षा थोडे जास्त. मोठीचं नाव रुबी, धाकट्याचं मँगो. सरकारी नोंदणीचे कागद आहेत, ते मी देवघरात ठेवलेत, न जाणो कोण कधी विचारायला येईल. विषारी नाहीत, हे दिपेश इतक्या वेळा म्हणाला की मला संशय यायला लागला. दोघांच्या दोन वेगळ्या काचेच्या पेट्या, पेटीखाली गरम चटई, आत पाण्याचं भांडं, लपायला लाकडाची ढोली. आठवतं का दादा, आपल्या बांधावर धामण दिसली की आजा हात जोडून बाजूला व्हायचा. जा बाय तुझ्या वाटेनं, म्हणायचा. ती तिच्या वाटेने जायची, आपण आपल्या. मग विमानतळ आला, जुनं गाव उठलं, शेत गेलं, धामणी कुठे गेल्या कोणी विचारलं नाही. (त्यांना कोण भूखंड देणार?) आणि आता अमेरिकेतले साप करंजाड्यात तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे राहतात, आणि उकाड्याच्या दिवसांत त्यांना थंडी वाजू नये म्हणून मी चटईची वायर तपासत बसतो.

खाणं म्हणजे उंदीर. मेलेले, गोठवलेले, पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये. आठवड्याला प्रत्येकी एक काढायचा, कोमट पाण्यात सोडायचा, चिमट्यात धरून सापासमोर हलवायचा, म्हणजे त्याला जिवंत वाटतो. या वयात मी मेलेल्या उंदराला नाचवतो. पुतळाने एक दिवस जवळ्याची पिशवी समजून हीच पिशवी सोडली. मग ती काय काय बोलली ते कागदावर येणार नाही. शेवटचं तेवढं लिहितो: “ह्यं जित्राब घरान हाय तवर मी पाय ठेवनार नाय. तुमी बसा त्यांच्याशी वेटोलं घालून.” नमिताच्या बाळंतपणाचं निमित्त होतंच, ती निघून गेली. बाळ आता पालथं पडायला लागलं तरी बाळंतपण संपत नाही. मला बाळाला हात लावू देत नाहीत, सापाला लावलेला हात म्हणून.

पण एक सांगतो, साप आल्यापासून दिपेशचा रोज फोन येतो. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा, तोही चालत्या गाडीतून. आता संध्याकाळी सात वाजले की व्हिडिओवर हजर. पहिल्या दिवशी मी दाढी करून बसलो होतो. तो म्हणाला, “बाबा, जरा बाजूला व्हा ना, रुबी दिसत नाहीये.” मी बाजूला झालो. तेव्हापासून बाजूलाच बसतो.

आता मुख्य गोष्ट. मे महिन्यात रुबीने खाणं सोडलं. ढोलीतून बाहेर येईना, अंगाचा रंग विटला. चौथ्या दिवशी भिंग लावून बघितलं तर दोन्ही डोळ्यांवर निळसर पांढरी साय. तशीच साय माझ्या उजव्या डोळ्यावर वर्षभर आहे. मोतीबिंदू. दिपेशला दोनदा सांगून झालं, तो म्हणाला, मी आलो की करू. दुबईला जाण्याआधी तो येऊन गेला तेव्हा सापांच्या पेट्या बसवण्यात वेळ गेला. आता याला काय सांगायचं? बाबांच्या हाती दिली आणि बाबांनी आंधळी केली? दोन दिवस मी फोनवर मँगोच दाखवला. रुबी झोपलीय म्हटलं. (लहानपणी तो शाळेला जाता यावं म्हणून ताप असूनही नाही असं खोटं बोलायचा, तेव्हा मी त्याला बदडला होता. ते आठवलं.)

तिसऱ्या दिवशी माझी डोळे दाखवायची तारीख होती. मी विचार केला, रोग एकच आहे, डॉक्टर दुसरा कशाला? रुबीला उशीच्या खोळीत घातली, गाठ मारली, खोळ रेशनच्या पिशवीत ठेवली आणि रिक्षाने हॉस्पिटलला गेलो. बाकड्यावर शेजारी चांगुणाबाई म्हणून एक म्हातारी होती. पिशवी हलली तशी म्हणाली, “कोंबडा आनलाव का डॉक्टरला? मी पपयाच आनल्यात, मंग माझा नंबर मागं जाईल.” मी पिशवी पायाशी ओढून घेतली. खिडकीवरच्या पोरीने विचारलं, “आजोबा, सोबत नातेवाईक कोण आहे?” मी पिशवीकडे बघितलं. म्हटलं, आहे एक.

डॉक्टरीणबाई तरुण, दिपेशच्या वयाची. खोळ सोडली तशी ती खुर्चीवर चढली. मग विषारी नाही, मुलाचा साप आहे म्हटल्यावर उतरली, आणि माझ्यासाठी आणलेली बॅटरी घेऊन दहा मिनिटं रुबीचे डोळे बघत बसली. दोन नर्सबाया आल्या, फोटो निघाले. म्हणाली, “मला माणसांचे डोळे कळतात हो आजोबा. मालकाला विचारा.” तिच्यासमोरच व्हिडिओ फोन लावावा लागला. दिपेशने एका नजरेत ओळखलं. “बाबा, ती कात टाकतेय! डोळे असेच होतात. ओलसर शेवाळ ठेवायचं सोडून तिला उन्हात कुठे फिरवताय? तिला किती ताण पडत असेल!”

दादा, माझ्या पाठीमागे भिंतीवर ती लहानमोठ्या अक्षरांची पाटी टांगलेली होती. वरचं अक्षर तर कलिंगडाएवढं. एवढ्या लांबून त्याला सापाच्या डोळ्यावरची साय दिसली. मी कुठून बोलतोय, ते नाही विचारलं.

माझी तपासणी दोन मिनिटांत झाली. पिकलाय, म्हणाली. काढू.

रुबीचे डोळे पाच दिवसांत आपोआप साफ झाले. पुढे तीन दिवसांनी तिने तोंडापासून शेपटीपर्यंत अख्खी कात टाकली, मोज्यासारखी उलटी. त्या कातीला डोळ्यांच्या जागी दोन गोल झाकणं आहेत, घड्याळाच्या काचेसारखी. तेवढी ती सोडून मोकळी झाली. ना डॉक्टर, ना फॉर्म, ना सही. दुसऱ्या दिवशी उंदीर खाल्ला आणि माझ्याकडे बघत राहिली, चकचकीत डोळ्यांनी. मला तिचा रागच आला.

बाकी क्षेम. वहिनीला नमस्कार, पार्थला आशीर्वाद. पुतळाबद्दल गावात खुलासा करावा.

आपला धाकटा,
वामन

ता. क. ऑपरेशन सत्तावीस तारखेला सकाळी आहे. नातेवाईक सोबत असल्याशिवाय आत घेत नाहीत, फॉर्मवर सही लागते, आणि नंतर आठ दिवस कोणीतरी दिवसातून चारदा डोळ्यात औषध घालायला लागतं. पुतळाला सांगितलं तर ती आधी साप काढायला लावेल, आणि साप काढले तर सात वाजता फोन येणार नाही. तुम्ही याल का? तुम्हाला ऐकू येत नाही, मला दिसत नाही, दोघांचा मिळून एक धड माणूस होईल. डॉक्टरला तेवढा चालेल.

दुसरा ता. क. सापांना घाबरू नका. ऑपरेशनची तारीख काल दिपेशला सांगितली. तो फार काळजीत पडला. म्हणाला, डोळ्याला पट्टी असताना यांना खायला कोण घालणार? तासाभरात त्याने पनवेलहून एक जाणकार बाई ठरवली. आठही दिवस येऊन ती दोघांकडे बघून जाईल. रुबी आणि मँगोची सोय झाली आहे. माझी तेवढी राहिली.

उत्तर लिहू नका, आता वाचवत नाही. हे पत्रही चार दिवस पुरवून लिहिलं. वहिनीला फोन करायला सांगा, पण सात वाजता नको. बाकी कधीही करा, फोन मोकळाच असतो. हो की नाही, एवढंच कळवा. लवकर कळवा.