डॉक्टरच्या आजीला फी नसते

प्रिय भाविका,

पत्र पाहून दचकू नको, मी जिवंत आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तू माझं बोलणं ऐकत नाहीस, माझा श्वास तपासतेस. 'आजी, दम का लागतोय?' इथून सुरू होतं आणि मूळ गोष्ट राहून जाते. पत्राला मध्येच अडवता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. लिहितेय शेजारची मोनाली, जीवरामची सून. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. म्हणे, डॉक्टरीण वाचणार आहे. मी म्हटलं, अगं, ती डॉक्टरीण माझ्या लुगड्याला नाक पुसून मोठी झाली! उद्या भाईदास कंडक्टर धुळ्याच्या गाडीवर आहे, त्याच्याच हाती देते. टपालाच्या भरवशावर बसले तर रविवार उलटून जाईल.

रविवारचीच तर भीती आहे पोरी. तुझ्या बापाने मला सगळं सांगितलं. पितांबरला बोलू नको, त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. रविवारी धुळ्याला धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांच्या तुमच्या संघटनेची बैठक आहे. तिथे तू उभी राहून सांगणार, की जळगावचे हितेंद्र डॉक्टर तरण्या बायांच्या गर्भाच्या पिशव्या कारण नसताना काढून टाकतात. आणि नियम मागणार, की चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची तर आधी दुसऱ्या डॉक्टरने तपासून सही करावी, आणि संघटनेने हा नियम सरकारलाही पाठवावा. पितांबर म्हणतो, पोरीला वेड लागलं. मी त्याला म्हटलं, तुझ्या घराण्यात कुणाला तरी लागायलाच हवं होतं. असं म्हटलं खरं, पण तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. भाकरी तव्यावर टाकते आणि ती करपल्याच्या वासाने भानावर येते.

तुमची ती संघटना मी पाहिली आहे, आठवतं? तू नवीन डॉक्टर झालीस तेव्हा धुळ्याच्या कार्यक्रमाला मला हौसेने घेऊन गेली होतीस. सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. मी तुला हळूच विचारलं, हे लग्न कुणाशी लागतंय गं? तू म्हणालीस, रोग्याशी. मला फार बरं वाटलं. पण पुढे हितेंद्र डॉक्टर आले, तर सगळे खुर्च्या सोडून उठले. एकेक जण वाकून पाया पडला. तूही पडलीस, तुझे ते गुरूच. तेव्हाच माझ्या मनात आलं, ही तर आपल्यासारखीच भावकी. भावकीतल्या माणसाने दुसऱ्याच्या बांधावरचा निंब तोडला तर भावकी काय करते? बसते, चहा पिते, 'घरातली गोष्ट घरात' म्हणते आणि ज्याचा निंब गेला त्यालाच समजावते. फारच ओरडला तर लग्नाची पत्रिका त्याच्या घरी जात नाही. तुझ्या दवाखान्यात उद्या कुणी पेशंट पाठवला नाही, अडल्या बाईला भूल द्यायला कुणी आलं नाही, तर तू काय करशील? या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळतं. तू लहानपणी विंचवाला काडी लावून बघायचीस तेव्हाही असंच व्हायचं. तेव्हा तुला बखोटीला धरून उचलता तरी येत होतं.

आता पुढचं ऐक, आणि बसून ऐक. मागच्या आठवड्यात माझं ओटीपोट दुखलं. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच गाडी काढली असतीस. पितांबर मला जळगावला घेऊन गेला, आणि नेमका हितेंद्र डॉक्टरांच्याच दवाखान्यात. तुझा बाप शहाणा! त्याने काउंटरवर मोठ्या आवाजात सांगितलं, 'डॉक्टर भाविकाची आजी आहे.' डॉक्टर डॉक्टरच्या घरच्यांकडून फी घेत नाही ना. त्याला एवढंच ठाऊक. मग काय विचारतेस! मला रांगेतून उठवलं. बाहेर भडगावहून आलेली पोटुशी बाई उन्हात बसली होती आणि मी पंख्याखाली. हितेंद्र डॉक्टर स्वतः आले, माझ्या पाया पडले. म्हणाले, 'अक्का, तुम्ही तर घरच्या.' इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

पोटावर थंडगार चीक लावून त्यांनी मशीन फिरवलं. पडद्यावर अमावस्येच्या रात्रीचे ढग दिसावेत तसं काहीतरी होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाले, गाठ आहे, पिशवी काढून टाकू, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. मी म्हटलं, या वयात ती पिशवी म्हणजे रिकामं पोतं, त्यात काय व्हायचं राहिलंय? ते खूप हसले. पितांबरही हसला.

घरी येऊन मी हे मोनालीला सांगितलं, आणि तिचा चेहराच उतरला. 'नाहीतर पुढे कॅन्सर होईल' हे तिलाही असंच, असंच बोट ठेवून सांगितलं होतं. तिला नुसतं पांढरं जात होतं. एक पोरगी पदरात, दुसरं लेकरू हवं होतं, आणि वय तुझ्याहून कमी. घाबरून तिच्या सासऱ्याने, जीवरामनेच होकार दिला. आता तिच्या अंगातून वाफा निघतात, कंबर धरते, आणि सासू म्हणते नाटकं करते. एवढं सांगून मी तिला म्हटलं, हे नको लिहू गं. तिने पेन खाली ठेवलं, डोळे पुसले, म्हणाली, लिहिते. तेव्हा वरच्या चार ओळी तिनेच लिहिल्यात, हे ध्यानात ठेवून वाच.

राहिलेलं सांगते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन मी स्वतः करतो, पैशाचं नाव काढू नका. शनिवारी उरकू. आणि भाविकाला इतक्यात कळवू नका, तिला रविवारी मोठं काम आहे, उगाच तिचं मन हलेल. योग्य वेळी मीच तिला फोन करतो. हे बोलताना त्यांनी माझा हात हातात धरला होता. हात मऊ होता गं.  शनिवारी मी त्यांच्या टेबलावर, आणि रविवारी माझी नात त्यांच्याविरुद्ध उभी! कोणत्या तोंडाने बोलशील? पितांबरला हे दिसत नाही. म्हणतो, देवमाणूस आहे, फुकट करतोय. मी म्हटलं, बोकडालाही आदल्या दिवशी हळद-कुंकू फुकटच लावतात.

हे पत्र त्यासाठी आहे, भाविका. त्यांच्या फोनवरून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं. मी शनिवारी गाडीत बसणार नाही, पितांबरला सांगून झालंय, तो रुसून मळ्यात जाऊन बसलाय. पण खरं सांगू? मला फार भीती वाटते. ते खोटं बोलले असतील अशी वाटते, आणि त्याहून जास्त, ते खरं बोलले असतील अशी वाटते. हात पोटाकडे गेला की मी तो मागे घेते. तरी तू रविवारच्या आधी येऊ नको आणि मला तपासू नको. गाठ निघाली तर तुझी जीभ मऊ पडेल, नाही निघाली तर तू माझ्यासाठीच्या रागाने बोलशील. तुला या मोनालीसाठी बोलायचं आहे, ती रविवारी येणारच आहे, तिला पुढच्या खुर्चीवर बसव. तुझं बोलून झालं की मग मी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात येते. केसपेपर काढून रांगेत बसते. तिथे कुणाची आजी आहे ते कुणाला सांगू नको. एकदा कुणाचीच नसलेली म्हातारी म्हणून त्यांना मला तपासू दे, म्हणजे जे काही सांगतील ते मला खरं मानता येईल.

तुझीच, भित्री पण हट्टी,
बेबाआजी