उत्तरेची पडवी

पोर्तो, १० सप्टेंबर २०२५

ती. साधनाआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

खोली लहान आहे, पण खिडकीतून नदी दिसते. सगळं गाव चढावर. तुझे गुडघे पहिल्याच दिवशी राजीनामा देतील. इथल्या वास्तुकलेच्या बाई म्हणाल्या, की परीक्षेसाठी पायाखालच्या ओळखीच्या जागेवरच घर काढा. मी आपला बडनेऱ्याजवळच्या शेतातला प्लॉट घेतला. नाहीतरी बाबांनी शब्द दिलाच आहे, की मी परत आले की माझ्याच नकाशावर घर बांधायचं. निंबाच्या सावलीला, उत्तरेकडे लांब पडवी काढलीय. आई आणि तिच्या जोडीची माणिकबाई तिथे विकायचे हार ओवायला बसतील, झेंडू लवकर कोमेजणार नाही. इथली मुलं विचारतात, की तुझं घर सूर्याकडे पाठ करून का बसलंय. त्यांना एकदा अकोल्याचा मे दाखवायला हवा.

शुभमदादानं प्लॉटचे फोटो पाठवलेत. तू तिकडे गेलीस की निंबापासून बांधापर्यंत टेप लावून कळव ना.

लोभ आहेच, तो वाढत राहो.
तुझी माला

अकोला, १९ सप्टेंबर

चि. माला हीस अनेक आशीर्वाद.

तुहं अक्षर अजूनही कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. जेवून राहिली ना नीट? नेलेलं तिखट पुरवून खाय. तिथं काही तसं भेटायचं नाही.

शुभमची सोयरीक जमली. पोरगी यवतमाळची, आरती नावाची. तिच्या घरचे लोक मोठे हौशी आहेत. टेपचं म्हणशील तर माह्यानं जाणं होत नाही, पाय लय दुखून राहिले. तू आपलं अंदाजानं काढ. परीक्षेपुरतंच तर आहे. घरच्या गोष्टीत जीव कायले अडकवून ठेवतं? बाकी सारं खुशाल.

पोटभर खाय अन् आम्हाले आठवत जाय.
तुही आत्या

पोर्तो, ४ ऑक्टोबर

ती. साधनाआत्यास,
नमस्कार.

काल माणिकबाईच्या पिंकीनं दसऱ्याचा शेतातला फोटो पाठवला. आई सोनं घेऊन उभी. तिच्यामागे सिमेंटचे खांब, वर स्लॅबसाठी लावलेल्या बल्ल्या. निंब नाही. फोटो मोठा करकरून पाहिला. टोकाला, जांभळ्या साडीत, तू आहेस. पाय दुखत होते ना गं तुझे?

दादाला विचारलं तर म्हणाला, की ते मागच्या वर्षीचे फोटो होते, तुझ्या अभ्यासाला चालून जातील म्हणून पाठवले. पिंकी सांगते, मी विमानात बसले त्याच आठवड्यात निंब पाडला. म्हणजे मी इथे नसलेल्या झाडाची सावली काढत बसले होते, आणि तुम्ही सगळे फोनवर मला विचारत होता, की जेवलीस का.

बाकीच्यांचं जाऊ दे. पण तू काहून गं, आत्या? तुले तर मी सारं सांगत होती.

दीपमाला

अकोला, १२ ऑक्टोबर

चि. माला हीस आशीर्वाद.

तू रागावली हे बरोबरच आहे. आता खरं ऐक. आरतीच्या घरच्यांनी लग्नाआधी नवं घर पायजे म्हणून सांगतलं. तुह्या बाबानं, खुशालभाऊनं, ठेकेदाराजवळचाच नकाशा घेतला. मी म्हटलं, मालाले विचार. तर तुहे बाबा म्हणे, की पोर उद्या आपल्या घरी जाईन, राहायचं आहे शुभमले. तिले आता सांगतलं तर शिक्षण सोडून येईन. मले आईची शपथ घातली. मीही त्याच घरची पोरगी. शपथ पाळली.

आता त्यायलेही चुटपुट लागली आहे. समोरच्या भागाचा नकाशा तेवढा मालानं काढून द्यावा, तिचंही मन राहीन, असा निरोप आहे. माघात वास्तुपूजन करतो म्हणे. काढून दे बाई, अन् मिटव.

एवढ्यासाठी माणसं तोडू नोको.
आत्या

पोर्तो, २३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्यानं तुमचा निरोप कळवला. समोरचा भाग मी काढणार नाही. आरतीवहिनींना विचारा, त्यांना तिथे राहायचंय.

घर दादाचं आहे, हे आधी सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, आणि शेवटी दादासाठीही नकाशा काढून दिला असता. तुम्ही मला ती संधीच दिली नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द देत होता, तेव्हा ठेकेदार ठरलेला होता का, एवढं मला कधीतरी सांगा.

तिथे घर उभं राहतंय हे कळल्यावर इथल्या बाईंनी जागा बदलायला सांगितलं होतं. मी बदलली नाही. परवा सगळ्यांसमोर नकाशे मांडले आणि मी म्हणाले, की हे घर होणार नाही. एका मुलानं विचारलं, की का. मी पुढचा नकाशा उलगडला. काम चांगलं झालं असं बाई म्हणाल्या, पण खोलीवर येईपर्यंत मला आनंद झाला नाही, नंतरही नाही.

आईला विचारलं, की हार कुठे ओवणार. म्हणाली, की जिन्याखाली जागा ठेवलीय. ती हसत होती, बाबा.

वास्तुपूजनाला येईन, तिच्यासाठी. स्टेशनवर घ्यायला कोणी येऊ नका, मी रिक्षानं येईन. दोन दिवस राहून नागपूरला माझ्या कॉलेजात परत जाईन. पाहुण्यांना विचारतात तसं जेवणाचं विचारा. घर कसं वाटलं, ते विचारू नका.

लोभ नको, असं लिहिणार होते. हात धजला नाही. असू द्या, पण यापुढे खरं सांगून असू द्या.

दीपमाला