नमुन्यादाखल तीन तबकड्या

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. ९ फेब्रुवारी १९७६

तीर्थस्वरूप रुद्रय्यामामांच्या चरणी भाचा अण्णासो याचे शरणु शरणार्थी.

धारवाडात यंदा थंडी फार आहे असे ऐकतो. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? शिवम्माने तुमच्यासाठी लसणाची चटणी करून ठेवली आहे. ती कोणाबरोबर पाठवू ते कळवा. (मागच्या खेपेस ज्यांच्याबरोबर पाठवली, त्यांचे 'चटणी फक्कड होती' असे पत्र आले.)

पत्रास कारण, तुम्ही महानंदासाठी आणलेले हुबळीचे स्थळ. चिरंजीव विरूपाक्ष दोन वर्षे जर्मनीत राहून आले आहेत, पंपांच्या कारखान्यात इंजिनियर आहेत, हुंडा नको म्हणतात, हे सगळे तुम्ही कळवले होते. पण पोहे खाऊन मुलगी पाहणे त्यांना मागासलेले वाटते आणि म्हणून ते परीक्षा घेतात, एवढे कळवायचे तुमच्याकडून राहिले. गेल्या महिन्यात पोस्टाने एक चौकोनी खोके आले. आत इंग्रजी गाण्यांच्या तीन मोठ्या तबकड्या आणि चिठ्ठी. हे नवे प्रायोगिक रॉक संगीत आहे, तिन्हींत श्रेष्ठ कोणते आणि का, ते मुलीने आठ दिवसांत लिहून कळवावे, जिला हे कळेल तिच्याशीच आपले जमेल, असा मजकूर. मामा, मी तीस वर्षे गुळाच्या अडतीत काढली. माझ्या दुकानात आजवर गाणे म्हणून कोणी काही म्हटले असेल तर ते हमालांनी.

पण नाही म्हणायची सोय नव्हती. महानंदाला चोविसावे सरले. दोन स्थळे तिच्या उंचीवरून मोडली, तिसरे तिच्या बी. ए.वरून. हे चौथे. अन्न गोड लागत नाही, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

तबकड्यांची नावे मला वाचता आली, पण अर्थ लागला नाही, म्हणून आम्ही त्या वेष्टनावरच्या चित्रांवरून ओळखतो. पहिलीवर समुद्रात उभा केलेला जिना आहे. दुसरीवर कोट घातलेले अंडे. तिसरी नुसती काळी, तिच्यावर अक्षरही नाही (छपाईला पैसे पुरले नसावेत). आता निवड करायची तर रीतसर करावी. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या बाजारात गुळाची आख्खी ढेप कोणी खाऊन बघत नाही. कोपरा टोकरायचा, रंग पाहायचा, चिमूट जिभेवर ठेवायची आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगायचा. चिमटीत जे कळते ते कळते. मी दुकानात समिती बसवली. अध्यक्ष आमचे शेजारचे अडते हंबीरराव (ते कोणत्याही समितीत अध्यक्षच असतात, त्यांना दुसरे काही होता येत नाही), सभासद मी, आणि तज्ज्ञ म्हणून लग्नकार्यांना लाउडस्पीकर भाड्याने देणारे नबीलाल, कारण तबकडी वाजवायचे यंत्र त्यांच्याकडेच. त्यांनी सवयीने भोंगाही आणला आणि दारावर बांधला. ठरले असे, की प्रत्येक तबकडीची सुरुवातीची दोन मिनिटे ऐकायची. नमुन्याला तेवढी पुष्कळ झाली.

जिन्याची तबकडी लावली. आधी वारा सुटला, मग घंटा, आणि मग पितळी भांड्यांची पाटी कोणीतरी जिन्यावरून सोडून दिल्यासारखा आवाज. समोरच्या धोंडुबाई पदर खोचून धावत आल्या. "अण्णासो, कुनाला लागलं न्हाय न्हवं?" हे परदेशातले गाणे आहे असे हंबीररावांनी समजावले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकडं दवाखानं न्हाईत व्हय?" अंड्याच्या तबकडीत एका माणसाने एकच सूर धरला आणि दोन मिनिटांत तो सोडलाच नाही. नबीलालनी धंद्याच्या दृष्टीने मत दिले, की ही पंगतीला लावली तर माणसं जिलबीच्या आधी उठतील, यजमानाचा फायदाच हाय.

मग काळी. नबीलालनी सुई टेकवली आणि भोंग्यातून काहीही आले नाही. दोन मिनिटे हूं की चूं नाही. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. हंबीररावांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली आणि म्हणाले, "हेला म्हंत्यात प्रयोग. वाजवायला कुनालाबी येतं. न वाजवायला छाती लागती!" (मागच्या सभेत हे गृहस्थ आभार मानायला उठले आणि पाऊण तास बसले नाहीत.) रुमाल टाकला. त्यांनी तिसरीची म्हणून तीन बोटे दाबली, नबीलालनी तीन, माझीही तीन. काळी, एक नंबर.

महानंदा तेव्हा आत समितीचा चहा करत होती. गडबडीत तिला विचारायचे राहिले, पण निकाल मात्र तिच्याच हातून लिहून घेतला, अक्षर चांगले आहे म्हणून. 'काळी श्रेष्ठ, कारण तिच्या आरंभीची शांतता.' तिने मान वर न करता लिहिले आणि तबकड्या मागून घेतल्या. मी दिल्या. आता त्यांचे काय काम होते?

परवा चिरंजीवांचे उत्तर आले. पाच पाने, आणि पाचही त्या शांततेवर. 'ती शांतता मी शंभर वेळा ऐकली आहे आणि दर वेळी ती मला निराळी ऐकू येते. ती समजणारी मुलगी आपल्या भागात असेल असे वाटले नव्हते.' मामा, मी पत्र देव्हाऱ्यात ठेवले. शिवम्मा रडली. हंबीरराव तर बाजारात संगीतावर बोलू लागले आहेत, माल उतरवायचा खोळंबतो. तरी आपण लगोलग हुबळीस जाऊन साखरपुड्याची तारीख धरून यावी.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
अण्णासो

ता. क. पत्र पाकिटात घालताना महानंदाने वाचायला मागितले. वाचून ती पुष्कळ हसली. मग कळले ते असे, की गेले पंधरा दिवस ती दुपारी नबीलालच्या घरी जाते. त्यांची बायको कुलसुम शिवणयंत्रावर बसते आणि ही तबकड्या ऐकते, दोन्ही बाजू, शेवटपर्यंत. तिच्या मते जिन्याच्या तबकडीत रंग यावा म्हणून पावडर फार घातली आहे. काळीचा पाक निम्म्यापर्यंत बरा, पुढे खाली उतरवायला उशीर झाला. एक नंबर अंड्याची. तो सूर सतरा मिनिटे तसाच राहतो, भोवतीचे सगळे बदलत जाते, आणि अखेर तो सुटतो तेव्हा कुलसुमने यंत्र थांबवून डोळे पुसले म्हणे. "अप्पा, तुम्ही कोपरा टोकरला," महानंदा म्हणाली, "माल आत हाय."

आणखी एक. काळ्या तबकडीत शांतता नाहीच. पहिल्या क्षणापासून चार माणसे मिळून ढोल बडवतात. त्या दिवशी भोंग्याची तार निसटली होती. (नबीलालना ते ठाऊक होते. "अध्यक्षच मान डोलवाय लागलं, मी काय बोलनार?") म्हणजे जी शांतता नाही ती चिरंजीवांनी शंभर वेळा ऐकली. मला आधी त्यांचा राग आला. मग माझीच लाज वाटली. मान डोलवणाऱ्यांत मीही होतो, आणि जिच्या जन्माचा प्रश्न तिला मी चहा करायला बसवले होते.

शेवटचे. तरीही हुबळीस जाच, आणि गोड बोलून नकार देऊन या. तबकड्या परत मागितल्या तर त्या पसंत पडल्या आहेत असे सांगा. नबीलालच्या यंत्राची सुई झिजली आहे, तिकडे मिळाल्यास आणा. आणि यापुढे जे स्थळ पाहाल, त्याला आधी अंड्याची तबकडी आपण पाठवू. पुरी ऐकून काय वाटले ते मुलाने लिहावे. उत्तर तपासायला महानंदा बसेल. चहा मी करीन.