कल्याणच्या पानावरची ओळ

पारनेर,
१८ ऑगस्ट २०२५

चि. दिपालीस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहिता लिहिता हात थांबला. वर्ष झालं तरी सवय जात नाही. तू बेलापूरला माहेरी बरी असशील. इकडे मूग निघाले. माझ्या निकिताच्या बाळाला दात आलाय आणि बोट धरलं की सोडत नाही, हट्टी मेलं.

आपल्या कल्याणच्या, भंडारदऱ्याच्या पर्यटकांच्या तंबूंचं इंटरनेटवरचं नाव बंद केलं, हे कळवायचं होतं. दरवर्षी नूतनीकरण लागायचं, ते. कंपनीने मृत्यूचा दाखला मागितला, मी पाठवला, पान गेलं. सातबाऱ्यावर वारस लावतो तसंच. वर कोणीतरी तलाठी असतो, कागद दाखवले की काम होतं.

दुसरं नाव मात्र जाईना. ब्लॉकचेनवरचं, वेगळ्या ॲपमधून उघडणारं, त्याने हौसेने घेतलेलं. "अक्का, हे एकदाच घ्यायचं. याला तलाठी न्हाई, कंपनी न्हाई. किल्लीचे बारा गुप्त शब्द ज्याच्याकडं, त्याचं नाव," म्हणायचा. मी म्हटलं, आणि तू मेलास तर रे? तर हसला. "मंग ऱ्हाईल तसंच. कोन काढनार?" माझी जीभच काळी.

ते बारा शब्द त्याच्या लाल डायरीत होते. त्याला उचलायच्या आधी, आवडीची वस्तू म्हणून, ती डायरी मी त्याच्या छातीवर ठेवली. बाया म्हणाल्या, बहिणीची माया. माया नव्हती गं. डायरी जळली की पानही जाईल, असं मला वाटलं होतं.

त्या पानावर तो रोज सकाळी लिहायचा, आज चालू की आज बंद. गेल्या वर्षी चार ऑगस्टला त्याने लिहिलं, "पाणी चढतंय. आज बंद." बुकिंग घेणारी मी. पुण्याची नऊ माणसं गाडीत बसलेली. मी फोनवर त्याला नाही नाही ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "बरं अक्का, तू म्हनशील तसं." पानावर "आज चालू" झालं. संध्याकाळी पाणी तंबूंत शिरलं. नऊही माणसं त्याने सुखरूप काढली, आणि दोर आणायला परत गेला. पुढचं तुला माहीत आहे.

साध्या नावावर जुनं पुसलं की संपलं. या दुसऱ्या नावाचा प्रत्येक बदल वेळेसकट कायमचा राहतो आणि कोणालाही बघता येतो. "चालू" नऊ एकोणचाळीसला. माझा फोन नऊ पस्तीसचा. तुला ते दिसू नये, म्हणून जाळली डायरी.

पण या जुलैपासून ते पान बदलतंय. धरण चढलं की "आज बंद", उतरलं की "आज चालू". आधी घाबरले. मग वाटलं, तुझ्याकडे त्या शब्दांची नक्कल असेल. पोरीने बरंच केलं, माणसं वाचतील, म्हणून गप्प बसले.

आज सकाळी नऊ एकोणचाळीसला नवी ओळ आली. "पाणी चढतंय. अक्का, तू म्हनशील तसं."

हे बोलणं त्याचं आणि माझं होतं. त्या सकाळी तू त्याच्याशेजारी होतीस का? चहा देताना कानावर पडलं असेल. माझ्यावरचा राग तू असा काढत असलीस तर काढ, मी ब्र काढणार नाही. पण होतीस, एवढं लिही. नसलीस तरी होतीस असंच लिही.

सकाळपासून मोबाईल पुढ्यात घेऊन बसलेय. बंद ठेव रे बाळा, बंद ठेव, असं चारदा मोठ्याने म्हणून झालं. ओळ बदलत नाही. तो माझ्या उत्तराची वाट बघतोय, आणि ते लिहायचे शब्द मीच जाळलेत.

तुझी अपराधी,
राजेश्वरीअक्का