नागिणीचं माप

३ मार्च. सकाळ.
कमरेला उजवीकडे पुरळ. नुसती आग. डॉक्टर म्हणाले, हर्पीस झोस्टर, म्हणजे आपली नागीण. लहानपणच्या कांजिण्यांचा व्हायरस परत उठलाय. सात दिवस गोळ्या, वरून मलम. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, हे या पोरगेल्या डॉक्टरला ठाऊकच नाही. ती सहसा कमरेच्या एकाच बाजूला राहते म्हणाला. मी बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. मोजल्याशिवाय मानत नाही.
बायकोला, इरावतीला, कळवायचं नाही. उगाच पुण्याहून धावत येईल.

४ मार्च.
टेपने मोजलं. टोकांमधलं अंतर ५४ सेंमी. पाठीकडचं टोक दिसत नाही, चाचपून धरलं. तिथे मलमही पोचत नाही. एकटं राहण्यात एवढी एकच त्रुटी. बाकी व्यवस्था उत्तम.

५ मार्च.
इरावतीला सहज सांगितलं. म्हणाली, गोळ्या वेळेवर घे. मग कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. मुलीच्या कॉलेजसाठी ती तिकडे गेली. कॉलेज गेल्या वर्षी संपलं. पण सामान आवरायला वेळ लागतोच.

६ मार्च.
फॅक्टरीतला रजत म्हणाला, अरे भिया, डॉक्टर-वॉक्टर छोड़ो. त्याने बडा गणपती मंदिराजवळच्या द्वारकाबाईंकडे पाठवलं. बाई सत्तरीच्या. गेरूचा लेप लावतात, पुटपुटतात, फुंकर घालतात. हात खरखरीत, गार. घरी लावणारं कुणी नाही का, म्हणाल्या. बायको बिझी असते, म्हणालो.
गोळ्या चालू आहेत. डॉक्टरचं मन कशाला मोडा.

९ मार्च.
५४च. गेरूने रोखली. बाईंनी पाच दिवस सांगितलेत, मी अकरा ठरवलेत. लेप वाळेपर्यंत आज त्यांनी चहा दिला. सांवेर रोडच्या फॅक्टरीत तासभर उशिरा पोचलो. कुणी विचारलं नाही.

१४ मार्च.
खपल्या गळल्या. गेरूचा विजय. इरावतीला फोटो पाठवला. अंगठा आला. कामात असेल.

१६ मार्च.
बाई म्हणाल्या, ठीक झाली हो तुमची नागीण, उद्यापासून यायची काही जरूरत नाही. अजून दुखतंय, म्हणालो. कुठे, म्हणाल्या. नेमकं सांगता येईना. त्यांनी सगळी पाठ चाचपली, सावकाश. इथे तर काहीच नाहीये, शर्ट घाला, म्हणाल्या.
बाहेर पुढचा पेशंट उभा होता. त्याच्या बायकोने त्याचा शर्ट वर धरून ठेवला होता. मला तिथेच रडू आलं.