पिवळ्या पिशवीतली सुई

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोस्टर स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या मुलीने आज स्वतःच्याच पोस्टरखाली माती खाल्ली! 'वापरलेली सुई थेट पांढऱ्या डब्यात' — वॉर्डच्या दाराशी माझंच अक्षर, खाली माझंच नाव: कादंबरी, एमबीबीएस तिसरं वर्ष.

सकाळी अकराला बेड नऊच्या काशिरामबाबांचं रक्त काढलं. ते हलले, मी गडबडले आणि सुईला टोपण लावायला गेले — जे कधीच करायचं नसतं. मग कापूस, सुई, हातमोजे, सगळं एकत्र गुंडाळून पिवळ्या पिशवीत कोंबलं. कोणी पाहिलं नाही. हात तीनदा धुतले.

दुपारी वॉर्डची सफाई करणाऱ्या सुनंदामावशी कचरा वेगळा करत होत्या. हातमोजे लाल पिशवीत जातात, ते काढायला त्यांनी पिवळीत हात घातला आणि एकदम झटकला. बोटाला रुमाल गुंडाळून पुन्हा कामाला लागल्या.

"टोचलं का मावशी?"

"रोजचंच हाय, डाक्टरबाय. मिठागरात याच्याहून लागायचं पायाला."

मी बेड नऊचा केसपेपर उचलला आणि बाहेर पडले.

४ फेब्रुवारी, बुधवार

रूममेट दिपिका लग्नाला गावी गेली आहे. आईचा फोन — जेवलीस का? म्हटलं, जेवले. उपम्याची प्लेट सकाळपासून टेबलावर तशीच. सांगायला जीभ रेटेना. बक्षीस घेतानाचा माझा फोटो तिने डीपीला ठेवलाय.

संध्याकाळी काशिरामबाबांचा रिपोर्ट आला. एचआयव्ही पॉझिटिव्ह.

५ फेब्रुवारी, गुरुवार

टोचल्यापासून बहात्तर तासांच्या आत एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं. हेही पोस्टरवर मीच लिहिलंय, लाल स्केचपेनने! सुई कुठल्या पेशंटची, हे फक्त मला माहीत. मी गप्प बसले तर मावशींना गोळ्या मिळणार कशा?

सकाळीच वॉर्डच्या इन्चार्ज आशालता सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिले. "मावशींना टोचलेली सुई माझी होती. बेड नऊची." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मावशींना बोलावलं, फॉर्म भरला, रक्त घेतलं, पहिली गोळी समोरच दिली. आता अठ्ठावीस दिवस घ्यायची. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तेरा वर्सं कचरा काडते. सुई माजी व्हती, असं सांगाया कोनीच आलं नाय."

मला रडू आलं.

"तुला काही लागलं नाही ना?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही."

आता हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. जिन्यात मुली भेटतात, हसतात, पुढे जातात. इतकी एकटी मी शिकायला पनवेलला आले त्या दिवशीही नव्हते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी साडेनऊ

मावशी हॉस्टेलच्या दारात आल्या. "तुजा हातमोजा मीच लाल पिशवीत टाकला, बाय. बोटाला भोक, आतनं रगात. काल वाट बगत व्हते, तू तुजं कदी बोलशील. तुज्या गोळ्या कुटं हायत?"

इथेही लिहिलं नव्हतं. ती सुई आधी मला टोचली होती.

अकराला बहात्तर तास होतील. मावशी खाली थांबल्यात. जाते.